वीतभर हीटर कोरसाठी अख्खा डॅशबोर्ड

समोरच्या काचेवर आतून धुकं धरतं, फडक्याने पुसलं की चकचकीत पट्टे उमटतात आणि थोड्याच वेळात पुन्हा तेच. साधं बाष्प असं वागत नाही. बाष्प पुसलं की जातं. हा थर बोटाला बुळबुळीत लागतो. ब्लोअर लावला की गोडसर वास, शेजारच्या सीटपुढची मॅट कायम ओलसर, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी हळूहळू खाली, आणि गाडीखाली बघावं तर जमिनीवर थेंब नाही. एवढं सगळं एकत्र दिसलं की इंजिनाखाली वाकून गळती शोधण्यात अर्थ नसतो. गळती गाडीच्या आत आहे.

माझी गाडी मामाकडून माझ्याकडे आलेली, नव्वदच्या दशकाच्या शेवटची. ड्रायव्हरसमोर एकच एअरबॅग, एसी आहे, आणि गरम-थंड हवेची झडप अजून केबलवर चालते. तिचा हीटर कोर मी घरी बदलला. भाचा मदतीला होता, आणि त्याचे बारीक हात फार उपयोगी पडले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हीटर कोर म्हणजे डॅशबोर्डच्या आत, प्लॅस्टिकच्या खोक्यात बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं तापलेलं कूलंट एका होजमधून (रबरी नळीतून) त्यात येतं, दुसरीतून परत जातं, आणि ब्लोअरची हवा त्याच्या पात्यांमधून गरम होऊन आपल्यापर्यंत पोचते. म्हणजे हीटरची उष्णता फुकटची, इंजिन नाहीतरी टाकूनच देणार होतं ती. (हवेने थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये हा भागच नाही, तिथे एक्झॉस्टभोवतीच्या खोक्यांतून गरम हवा यायची. त्या मंडळींची दुखणी वेगळी.)

पाना उचलण्याआधी एक खात्री करून घ्या. एसीच्या कूलिंग कॉइलवर साचणारं पाणी एका नळीतून गाडीखाली जातं. ती नळी तुंबली तर तेच पाणी कार्पेटवर येतं, आणि लोक उगीच हीटर कोरला दोष देतात. पांढरा टिश्यू पेपर ओल्या जागी दाबा. नुसतं पाणी असेल तर रंग नाही, वास नाही, बोटांत चिकटपणा नाही. कूलंट असेल तर तिन्हींपैकी काहीतरी सापडतंच. चव घेऊन बघायचा सल्ला कुणी दिला तर तो माणूस टाळा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विष आहे, आणि गोड आहे म्हणूनच मुलं आणि कुत्री-मांजरं त्याला फसतात.

पक्की खात्री हवी असेल तर प्रेशर टेस्टरचा हातपंप. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवायचा, झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा (बऱ्याच गाड्यांत १३ ते १६ पीएसआय) आणि काटा बघत बसायचं. माझा काटा हळूहळू खाली यायला लागला आणि बोनेटखाली कुठेच ओल नव्हती. भाचा पॅसेंजरच्या पायाशी टॉर्च घेऊन आडवा पडला होता. तो म्हणाला, "मावशी, खोक्याच्या सांध्यातून थेंब आला." विषय संपला.

हीटर गरमच होत नसेल तर मात्र आजार निराळा. इंजिन तापल्यावर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत जाणाऱ्या दोन्ही होजना हात लावा. एक चटका देणारी आणि दुसरी कोमट असेल तर कोर आतून चोंदलेला असू शकतो किंवा हीटरचा व्हॉल्व्ह अडकलेला. चोंदलेल्या कोरमध्ये उलट्या दिशेने, अगदी कमी दाबाने पाणी सोडून बघता येतं. अशा वेळी डॅशबोर्ड उतरवायची घाई करू नये.

गळतीवर दोन आडवाटा आहेत. एक म्हणजे बोनेटखाली दोन्ही होज एकमेकींना जोडून कोर बाजूला काढणं. याला माझा विरोध नाही. नवा कोर हातात येईपर्यंत मीही तसंच चालवलं. पण गरम हवा नाही म्हणजे काच साफ करणारी हवाही धड नाही, आणि थंडीत आंधळ्या काचेने गाडी चालवणं हे हाल सोसण्याचं प्रकरण नाही, अपघाताचं आहे. दुसरी आडवाट म्हणजे कूलंटमध्ये ओतायची गळतीबंद पावडर किंवा द्रव. हे मला अजिबात पटत नाही. त्या रसायनाला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. सगळ्या यंत्रणेत सर्वांत बारीक वाटा हीटर कोरच्या, त्यामुळे गाळ आधी तिथेच बसतो. रस्त्यात अडकलात, घरी पोचायचंय, तेवढ्यापुरतं ठीक. उपाय म्हणून नाही.

आता मुख्य प्रश्न: आपल्या गाडीत कोर निघतो कसा? काही गाड्यांमध्ये पायाजवळचं एक झाकण काढलं की कोर बाजूने सरकून हातात येतो. काहींत अख्खा डॅशबोर्ड आणि त्यामागचा लोखंडी दांडा उतरवावा लागतो. आणि काहींत हीटर कोर व एसीची कूलिंग कॉइल एकाच खोक्यात असतात, म्हणजे एसीचे पाइप सोडल्याशिवाय खोकं हलत नाही. तसं असेल तर आधी एसीचा गॅस मशिनने काढून घ्यावा लागतो. पाइप सैल करून गॅस हवेत सोडायचा नसतो. अनेक देशांत तो गुन्हा आहे, आणि एसीतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशांना उकळतो, म्हणजे उडालेला फवारा कातडी गोठवतो. माझ्या गाडीत दोन खोकी वेगळी आहेत. ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघितलं आणि मगच मी घरी करायचं ठरवलं. खोकं एकत्र असतं तर तेवढा भाग मी एसीवाल्याकडे सोपवला असता.

सुरुवात बॅटरीपासून. निगेटिव्ह टर्मिनल आधी, टोक गुंडाळून बाजूला. मग थांबायचं. एअरबॅगच्या यंत्रणेत चार्ज साठवणारा कपॅसिटर असतो. बॅटरी काढली तरी तो लगेच रिकामा होत नाही. किती वेळ थांबायचं ते त्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढं थांबा, अंदाजाने नको. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक पिवळे असतात. त्यांच्या वायरींना मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावायचा नाही. काढलेला एअरबॅग ठेवताना कापडी-प्लॅस्टिकची बाजू वर. उपडा ठेवला आणि फुटला तर तो उडणारी वस्तू होतो.

चाकं सरळ ठेवूनच स्टिअरिंगला हात लावा. स्टिअरिंगखाली क्लॉकस्प्रिंग नावाची गुंडाळलेली चपटी वायर असते. स्टिअरिंगचा कॉलम (दांडा) सुटा असताना स्टिअरिंग इकडेतिकडे फिरलं तर जोडल्यानंतर पहिल्याच मोठ्या वळणावर ती तुटते. मी किल्ली काढून स्टिअरिंग लॉक केलं आणि शिवाय चिकटपट्टीही लावली. कॉलम पूर्ण काढला नाही. वरचे नट सोडून तो सीटवर टेकवला, खाली घोंगडी घालून.

डॅशबोर्ड उतरवण्यात कौशल्य फारसं नाही, चिकाटी आहे. अवघड काय असतं तर लपलेले स्क्रू. हवेच्या जाळीमागे एक, घड्याळाच्या मागे एक, ॲशट्रे पूर्ण बाहेर ओढल्यावर तिच्या पोकळीत वर एक, काचेच्या कडेला डीफ्रॉस्टरच्या (काचेवर हवा सोडणाऱ्या) फटीत दोन. डॅशबोर्ड हलतो पण सुटत नाही, असं झालं की ओढायचं नाही. कुठेतरी अजून एक स्क्रू आहे. जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं आणि क्लिपा पटापट तुटतात, म्हणून गाडी आधी उन्हात तापू दिली. ऊब लागलेलं प्लॅस्टिक थोडं तरी वाकतं.

स्क्रू ठेवायची माझी पद्धत अशी: पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढायचं आणि जिथला स्क्रू तिथेच पुठ्ठ्यात खोचायचा. लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर मागच्या वायरीत किंवा हवेच्या नळीत घुसतो. फोटो काढतेच, पण फोटोत स्क्रूची लांबी कळत नाही. वायरींना चिकटपट्टीवर आकडे घातले, दोन्ही टोकांना एकच आकडा. हीटरच्या केबलची क्लिप सोडण्याआधी केबलचं बाहेरचं आवरण नेमकं कुठवर पकडलंय तिथे मार्करने रेघ ओढली. या रेघेने पुढे बराच वेळ वाचला.

कूलंट काढायचं ते इंजिन थंडगार असतानाच. रेडिएटरचा खालचा नळ, खाली रुंद ट्रे, आणि काम झाल्यावर लगेच झाकणाच्या कॅनमध्ये. ट्रे उघडा ठेवून आत जाऊ नका, कारण वर सांगितलंच आहे.

मग होज. वर्षानुवर्षं बसलेला रबरी होज कोरच्या नळीला घट्ट चिकटलेला असतो. पकडीने पिळून ओढायचा मोह होतो. जुना कोर फेकायचाच आहे, मग जपायचं कशाला? तर आतलं कूलंट अजून कोरमध्ये आहे म्हणून. नळी पिळली तर आतला सांधा फुटतो आणि उरलेलं सगळं कार्पेटवर. ब्लेडने होजवर लांबीच्या दिशेने चीर द्या, स्क्रू-ड्रायव्हरने कड उचला, सालपटासारखा निघून येतो. होज तेवढ्याच जुन्या असतात, नव्या घ्याव्याच लागतात; दोन्हींचा व्यास सारखाच असेल असं धरून चालू नका, १६ आणि १९ मिलिमीटर अशी जोडी बऱ्याचदा असते. होज निघाल्यावर एका नळीत छोटी नळी लावून फुंकलं आणि दुसरीखाली बाटली धरली. बरंच निघालं. ते सगळं नाहीतर गाडीच्या आत सांडलं असतं.

खोकं फायरवॉलला बोल्टने धरलेलं असतं आणि नट इंजिनाच्या बाजूला. त्यातला एक इंजिनाच्या अगदी मागे, दिसतच नाही. लांब एक्स्टेन्शन, मध्ये वळणारा जॉइंट आणि चाचपणी. इथे भाच्याचा हात गेला, माझा गेला नाही.

खोकं उघडल्यावर आत काय काय होतं! वाळलेली पानं, धूळ, फोमचा भुगा, आणि कोरच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे नळ्या कोरच्या टोकाच्या टाकीला मिळतात तिथे, पांढरट-हिरव्या कुरकुरीत खपल्या. नखाने टोकरल्या तर खाली ओल. नेमकी तीच जागा. ब्लोअर लावला की हवेच्या जाळीतून जे फोमचे काळे कण येत होते तेही इथलेच होते. गरम-थंड हवेच्या झडपेवरचा फोम कुजून गेला होता आणि झडपेच्या पत्र्याला तयार करतानाची भोकं असतात ती उघडी पडली होती. म्हणजे बटण पूर्ण थंडवर असतानाही थोडी गरम हवा येणारच. खोकं हातात असताना हा फोम बदलला नाही तर पुन्हा अख्खा डॅशबोर्ड. बंद छिद्रांचा, चिकट पाठीचा फोम कापून लावला. ब्लोअरची मोटर फिरवून पाहिली, बेअरिंग बरं होतं, तिला हात लावला नाही.

नवा कोर लगेच बसवू नये. जुन्याशेजारी ठेवून नळ्यांचा कोन, जाडी, उंची ताडून बघा. नळी दोन-चार मिलिमीटर वाकडी असली तरी फायरवॉलच्या भोकातून सरळ बाहेर येत नाही आणि जोर लावून वाकवायला गेलं तर नव्या सांध्यालाच ताण. मग बादलीत बुडवून, एक नळी अंगठ्याने दाबून दुसरीतून हलका दाब दिला. बुडबुडे नाहीत. कोरभोवती फोमची पट्टी चारही बाजूंनी हवी. ती नसेल तर हवा कोरमधून न जाता कडेच्या फटीतून निसटते, आणि नवा कोर घालूनही हीटर कोमटच, अशी तक्रार राहते.

जुना कोर मी हॅकसॉने उभा कापला. नुसतं कुतूहल म्हणून नाही. कोर का गेला हे कळल्याशिवाय नवा घालणं म्हणजे त्याच आजाराला नवा रोगी देणं. अर्ध्या नळ्यांत तपकिरी चिखल होता, इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकचा गंज. कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. त्यात गंजरोधक रसायनं असतात आणि ती कालांतराने संपतात. ५० टक्के मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, ही न गोठण्याची ताकद बरीच वर्षं टिकते, म्हणून तपासणीत कूलंट "चांगलं" दिसतं. गंजरोधक मात्र केव्हाच संपलेला असतो. जुन्या हिरव्या प्रकाराला साधारण दोन वर्षांनी, नव्या सेंद्रिय आम्लवाल्या प्रकाराला साधारण पाच वर्षांनी बदल लागतो. रंग बघून प्रकार ओळखू नका, रंग कंपनीच्या मर्जीचा. आणि नळाचं पाणी घालू नका; त्यातले क्षार तापल्यावर याच बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या.

दुसरं कारण विजेचं. कूलंटमधून वीज वाहिली की कोरचा धातू कुरतडला जातो. कूलंट काढण्याआधीच मी मोजलं होतं: इंजिन थंड असताना झाकण उघडून, मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक कूलंटमध्ये, धातूला न लावता. इंजिन सुरू, दिवे आणि ब्लोअर चालू. ॲल्युमिनिअमच्या भागांसाठी हा आकडा ०.१ व्होल्टच्या आत हवा असं मानतात. माझा बराच वर होता. इंजिनाकडून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी टोकाला हिरवी पडली होती, त्यामुळे विजेने परतीची वाट कूलंटमधून शोधली होती. पट्टी बदलली, खालचा रंग घासून धातू चमकवला. नवं कूलंट घातल्यावर पुन्हा मोजलं, आकडा हद्दीत आला. माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. याला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही, आणि बहुतेक जण नेमका हाच सोडतात.

जोडणीबद्दल एवढंच सांगते: डॅशबोर्ड परत चढवण्याआधी खोकं बसवा, होज जोडा, कूलंट भरा आणि हातपंपाने पुन्हा दाब देऊन काटा बघा. बॅटरीची गरजच नाही. काटा हलला तर अजून सगळं उघडं आहे. आणि एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना किल्ली फिरवू नका. बिघाडाची नोंद होते आणि तो दिवा नंतर विझता विझत नाही. स्क्रू आधी सगळे हाताने दोन-तीन आटे धरवायचे, मग कसायचे. एक आधीच कसला तर शेवटचं भोक जुळत नाही.

कूलंटमध्ये अडकलेली हवा काढणं हे कंटाळवाणं काम आहे. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू. ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडून, कूलंटची सलग धार येईपर्यंत. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, वरचा होज एकदम गरम लागला की समजायचं. फॅन आपोआप सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. डॅशबोर्डमागून खळखळ ऐकू आली तर कोरमध्ये अजून हवा आहे. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी बघायची आणि भरायची, आणि पुढचे काही दिवस सकाळी हेच.

आता दोन्ही होज सारख्या तापतात, परतीची किंचित कमी. काचेवरचा जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला. नुसत्या पाण्याने तो पसरतो. बटण मधल्या खुणेवर ठेवलं की हवा खरोखर मधली येते, मार्करच्या रेघेची कृपा.

राहिलं कार्पेट. ग्लायकॉल पाण्यासारखं वाळत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे वरून कोरडं वाटणारं कार्पेट खाली महिनोन् महिने ओलं राहतं. सीट काढून कार्पेट आणि खालचा फोम बाहेर घेतला आणि पाण्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत धुतला. खाली पॅसेंजरच्या बाजूला पत्र्यावर तळहाताएवढा गंज निघाला, ब्रशने घासला तर सुदैवाने पत्रा शाबूत आहे. प्रायमर मारून झालाय. फोम पूर्ण वाळेपर्यंत सीट बसवत नाही, त्यामुळे सध्या भाच्याला मागे बसावं लागतं आणि त्याला ते मुळीच आवडलेलं नाही.